उसना विस्तव : डिझेल यंत्राच्या शीतारंभाचा इतिहास

काडेपेटी घरोघर मुबलक होण्यापूर्वी आपल्याकडे पहाटेची चूल पेटविण्याची एक ठराविक रीत होती. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवावी, सकाळी ती राख सारून फुंकर घालावी, आणि निखारे विझून गेलेच असतील तर गोवरीचा तुकडा हाती घेऊन शेजारी विस्तव मागावयास जावे. ज्या घरातली चूल एकदा पेटल्यावर दिवसभर धडधडत राही, त्याच घराला पहाटेच्या पहिल्या निखाऱ्याकरिता दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागे. पुढचा स्वयंपाक अडत नसे. अडे तो आरंभ.

डिझेल यंत्राची गोष्ट अशीच आहे. जे यंत्र एकदा सुरू झाल्यावर शेकडो मैल माल ओढते, घाट चढते आणि दोन दोन दिवस न थांबता धावते, तेच थंडीच्या पहाटे हट्टी मुलासारखे अडून बसते. त्याला हवी असते थोडीशी उसनी ऊब. ती कोठून द्यावी, या एका प्रश्नाने यंत्रज्ञांच्या तीन-चार पिढ्यांची बुद्धी खर्ची पडली. आम्ही इतिहासाचे अध्यापक. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि या प्रश्नाचा इतिहास आम्हांस एका विशेष कारणाने आकर्षक वाटत आला आहे, व ते कारण ओघाने पुढे येईलच.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा दाबली की ती तापते. आग्नेय आशियातील लोक याच तत्त्वावर अग्नी उत्पन्न करीत. एका बंद नळीत दट्ट्या झपाट्याने दाबला की टोकाशी ठेवलेला भुसा धुमसू लागे. म्यूनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकलेल्या रुडॉल्फ डिझेल या तरुणाने (जन्म १८५८) हेच तत्त्व मोठ्या यंत्राला लावण्याचा ध्यास घेतला. ठिणगी नको, ज्योत नको. केवळ हवा इतकी दाबावी की तिच्यात तेल फवारताच ते आपोआप पेटावे. १८९२ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला व १८९३ साली ते त्यास मिळाले. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिल्या यंत्रात तेल पेटले ते असे, की दाब मोजण्याचे उपकरणच उडून गेले. १८९४ च्या १७ फेब्रुवारीस दुसरे यंत्र स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी सुधारलेल्या यंत्राची परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेचा सुमारे २६ टक्के भाग उपयुक्त कार्यात उतरतो असे सिद्ध झाले. वाफेच्या यंत्रांस हे कधी साधले नव्हते.

परंतु या विजयातच पुढच्या अडचणीचे बीज होते. बाहेरचा अग्नी नको, असे म्हणणारे यंत्र सर्वस्वी स्वतःच्या उष्णतेवर अवलंबून राहते. यंत्र तापलेले असताना दाबलेली हवा पाचशे ते सातशे अंशांपर्यंत जाते, आणि डिझेल तेल तर अडीचशे अंशांच्या आसपासच पेट घेते. तेव्हा चिंता नसते. थंडीत मात्र या उष्णतेवर तीन चोर टपलेले असतात. गारठलेले लोखंड ती शोषून घेते. घट्ट झालेल्या वंगणामुळे व मंदावलेल्या बॅटरीमुळे यंत्र सावकाश फिरते, म्हणून लोखंडास शोषावयास वेळही अधिक मिळतो. आणि झिजलेल्या रिंगांच्या फटींतून दाबलेली हवा निसटते ती निराळीच. तेल फवारले जाते, पण पेटत नाही. ज्यांनी जुन्या काळचा पितळी स्टोव्ह पेटविला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. स्पिरिटच्या काकड्याने नळी पुरती तापण्यापूर्वीच पंप मारला, तर कच्च्या रॉकेलची धार उडते व घरभर वास सुटतो. दोष रॉकेलचाही नसतो व पंपाचाही नसतो. दोष उबेच्या अभावाचा असतो.

काकड्याचा हा उपाय यंत्रविद्येतही डिझेलच्या आधीच आला होता. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने १८९० साली पेटंट घेतलेल्या व ग्रँटम येथील हॉर्न्सबी कारखान्यात तयार होऊ लागलेल्या यंत्रास एक लोखंडी फुगा असे. ब्लो-लॅम्पची ज्योत लावून तो कित्येक मिनिटे तापवावा, मग चाक फिरवावे. यंत्र चालू झाले की फुगा आपल्या आपणच तप्त राही. डिझेलच्या प्रारंभीच्या यंत्रांना असा दिवा लागत नसे. ती टाक्यांत साठविलेल्या दाबाच्या हवेने जोराने फिरवून सुरू करीत. कारखान्यात किंवा जहाजावर हे चालण्यासारखे होते. रस्त्यावरच्या गाडीने हवेच्या टाक्या आणि तेल फवारणारा अवजड कॉम्प्रेसर कोठे वाहावा? खुद्द डिझेलला या प्रश्नाचे उत्तर पाहावयास मिळाले नाही. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून हार्विचकडे जाणाऱ्या जहाजावरून रात्रीत तो नाहीसा झाला, तेव्हा त्याचे यंत्र समुद्रावर पोचले होते. रस्त्यावर आले नव्हते.

ते रस्त्यावर आणण्याचे पुष्कळसे श्रेय प्रॉस्पेर लोरांज या यंत्रज्ञाकडे जाते. मानहाइमच्या बेन्झ कंपनीत असता १४ मार्च १९०९ रोजी त्याच्या कल्पनेचे पेटंट नोंदले गेले. कल्पना अशी, की मुख्य सिलिंडराच्या माथ्यावर एक लहानसा पूर्वकोष्ठ ठेवावा. तेल प्रथम तेथे फवारावे. तेथे थोडे जळून जो उमाळा येईल, त्यानेच उरलेले तेल अरुंद तोंडातून मुख्य कोष्ठात भिरकावले जावे. यामुळे कॉम्प्रेसर गेला व यंत्र आटोपशीर झाले. १९२३ साली बेन्झने असे इंजिन मालमोटारीत बसविले. १९२४ साली एम. ए. एन. कंपनीने थेट मुख्य कोष्ठात तेल फवारणारे इंजिन मालमोटारीवर आणले. आणि १९२७ साली बॉशचा तेलपंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागल्यावर डिझेल मालमोटारीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

पण फुकट काहीच मिळत नाही. पूर्वकोष्ठ म्हणजे अधिक भिंती, आणि अधिक भिंती म्हणजे उष्णतेचे अधिक शोषण. तापल्यावर गोडीने चालणारे हे यंत्र थंडीत इतरांपेक्षा अधिक हटवादी ठरले. तेव्हा उसन्या विस्तवाची सोय करणे प्राप्तच झाले. काही जर्मन इंजिनांत शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदाची सुरळी धुमसत ठेवून पूर्वकोष्ठात खुपसण्याची सोय होती. म्हणजे अक्षरशः निखाराच आत ठेवावयाचा! इंग्लंडात डर्सली येथील लिस्टर कारखान्याच्या ‘सी. एस.’ इंजिनाने निराळी वाट काढली. या दोन अक्षरांचा अर्थच मुळी ‘कोल्ड स्टार्ट’, म्हणजे थंडा आरंभ. त्याच्या माथ्यावरील एक झडप बंद केली की कोष्ठ आकुंचित होऊन दाब वाढे. यंत्र तापले की ती उघडावी. या जातीच्या इंजिनांची आणि त्यांच्या देशी नकलांची ‘पुक् पुक्’ महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पिठाच्या गिरणीवर व विहिरीवर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तो नाद या शब्दांबरोबर पुन्हा ऐकू येईल.

मोटारगाडीसाठी मात्र वीज सोयीची ठरली. पूर्वकोष्ठात विजेने लाल होणारी तार बसवावी, ही कल्पना १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली. हाच तो ग्लो प्लग; आमच्याकडील चालक व मिस्त्री त्यास ‘हीटर प्लग’ म्हणतात. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण जुन्या गाड्यांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ तीतच आहे. ज्वालेच्या तोंडाशी राहावयाचे, तेव्हा तार जाड हवी; बारीक तार जळून जाईल. जाड तारेचा विद्युत्-विरोध अल्प, म्हणून तिला एक-दीड व्होल्टाहून फारसा अधिक दाब सोसत नाही. गाडीची बॅटरी तर बारा व्होल्टची. यावर तोड अशी, की सर्व प्लग माळेतील मण्यांप्रमाणे एकामागून एक जोडावेत. सहा प्लग प्रत्येकी १.७ व्होल्टचे धरले तर १०.२ व्होल्ट त्यांत वाटले गेले. उरलेला दाब विरोधक तारेत व चालकासमोरच्या फळीवरील एका लहानशा दर्शक तारेत खर्च करावयाचा. ती दर्शक तार लाल झाली की आत प्लगही लाल झाले असे समजावे, व मग सेल मारावा.

हिशेब सुबक खरा, पण माळेचा गुण तोच तिचा दोष. दोरा एका ठिकाणी तुटला की सारेच मणी गळतात. सहांपैकी एका प्लगाची तार तुटली की सहाही थंड.

भारतात या घडणीची ओळख झाली ती मुख्यतः १९५४ नंतर. १९४५ साली जमशेदपूर येथे स्थापन झालेल्या टेल्को कंपनीने त्या वर्षी डाइमलर-बेन्झशी करार करून मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. तो सहयोग १९६९ पर्यंत चालला. त्या गाड्यांचे मूळ ओ. एम. ३१२ हे सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.६ लिटरांचे पूर्वकोष्ठी इंजिन. स्वतंत्र भारताचा किती गहू, किती सिमेंट आणि किती कांदा या इंजिनाने वाहिला असेल, याची गणती कोणी करावी? मुंबई-कोकणच्या उबाऱ्यात हीटर प्लगाची आठवणही होत नसे. देशावरच्या पौष-माघात मात्र चालक रात्री गाडी उतारावर लावून ठेवी, म्हणजे सकाळी सेलने दगा दिला तरी गाडी घरंगळत सुरू करता यावी.

आता आमच्या आकर्षणाचे कारण सांगतो. १९८९ च्या माघात, विद्यार्थिदशेत असताना, आम्ही निफाड तालुक्यात एका आप्तांच्या द्राक्षबागेवर राहिलो होतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. रात्री एका जुन्या मालमोटारीत द्राक्षांच्या पेट्या भरल्या होत्या. पहाटे निघून ती मुंबईच्या बाजारात वेळेवर पोचावयाची होती. वर्षभराची मेहनत व सोसायटीचे कर्ज त्या पेट्यांत होते. गाडी चालू होईना. चालक सेल मारून मारून थकला व बॅटरी कण्हू लागली. एकाने सांगितले, पंप उतरवा. दुसऱ्याने चिंधी पेटवून हवेच्या नळीशी धरण्याची तयारी केली. शेवटी, अशा वेळी नेहमी होते तेच झाले, आणि सर्वांचा राग सर्वांत दुबळ्यावर निघाला. क्लीनर म्हणून असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने रात्री दिवा चालू ठेवून बॅटरी उतरविली, असा ठपका येऊन त्याच्या कानशिलात बसली. पोरगा काही बोलला नाही. चाकाशी जाऊन उभा राहिला.

इतक्यात गावातले वृद्ध मिस्त्री सायकलवरून आले. त्यांनी पाना हाती घेतला नाही. प्रथम विचारले, “सेल मारल्यावर मागून धूर येतोय का?”

“येतोय की. पांढरा.”

“मग पंपाला हात लावू नका. डिझेल पोचतंय, ऊब पोचत नाही.”

मग त्यांनी चावी फिरवून समोरच्या दर्शक तारेकडे पाहिले. ती काळीच. एका बल्बाला दोन तारा जोडून त्यांनी बॅटरीकडच्या टोकापासून एकेक प्लग तपासीत नेला. तीन प्लगांपर्यंत बल्ब लागला. चौथ्याच्या अलीकडे लागला, पलीकडे लागला नाही. नवा प्लग त्या वेळी मिळणे नव्हते. मिस्त्रींनी जाड तारेचा तुकडा घेऊन चौथा प्लग ओलांडून जोड दिला. उरलेल्या पाचांवर भार वाढतो म्हणून चालकास नेहमीपेक्षा कमी वेळ हीटर मारावयास बजावले. आणि शेजारच्या वस्तीवरील ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणविली. दर्शक तार लाल झाली. यंत्र प्रथम पाच सिलिंडरांवर लंगडत, पांढरा धूर ओकत चालू झाले, व थोड्या वेळाने सहावाही त्यात मिळाला. गाडी निघताना मिस्त्री आमच्या आप्तांस इतकेच म्हणाले, “आण्णा, आत तार तुटली होती. पोराला उगाच मारलंत.” आण्णांनी पोरास जवळ बोलावून चहा दिला, पण मारलेली चपराक चहाने परत घेता येत नाही, हे त्यांच्याही मुद्रेवर दिसत होते.

पुढे आम्ही इतिहास शिकविण्याचा व्यवसाय पत्करला, तेव्हा ही पहाट वारंवार आठवली. समोर दिसतो तो परिणाम. कारण मागे दडलेले असते. त्याच्याकडे एकेक पायरी पुराव्यानिशी मागे जाणे, ही इतिहाससंशोधकाची शिस्त. ती सुटली की मनुष्य जवळचा दुबळा गुन्हेगार शोधतो. यंत्राचा दोष शोधणे म्हणजे त्याचा इतिहास उलट क्रमाने वाचणे होय. तेल आले का? धूरच नसेल तर नाही. मग टाकी, गाळणी, पाइपात शिरलेली हवा पाहावी व हातपंपाने ‘एअर काढावी’. पांढरा धूर असेल तर तेल आले पण पेटले नाही. मग ऊब पाहावी. दर्शक तार मुळीच लागत नसेल तर माळ कोठे तरी तुटली. मंद लागत असेल तर बॅटरी क्षीण किंवा सांधे गंजलेले. नेहमीपेक्षा लवकर व प्रखर लागत असेल तर एखादा प्लग काजळीने आतल्या आत जुळून गेला आहे. प्लग निर्दोष असूनही गाडी रुसत असेल तर सेल पुरेशा वेगाने फिरवितो का ते पाहावे. आणि ऐन वैशाखातही हीटरवाचून काम होत नसेल, तर रिंगा व झडपा झिजल्या. तेथे प्लग बदलणे म्हणजे म्हातारपणावर काजळाचा उपाय. ईथर फवारण्याचा मोह तर हीटर प्लगाच्या गाडीत सर्वथा टाळावा. लाल तारेवर ते अवेळी भडकून दट्ट्याच फोडते.

याच घाईचे मोठे चित्र १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे दिसले. जर्मन सैन्याची वाहने गोठली. सैनिक इंजिनांखाली विस्तव पेटवून ती सुरू करू पाहत. जर्मन रणगाडे बहुतांशी पेट्रोलचे होते, तेव्हा हा दोष एका डिझेलचा नव्हता. वंगण, बॅटरी आणि हिवाळ्यापूर्वीच युद्ध संपेल ही समजूत, सारेच गोठले होते. रशियन टी-३४ च्या डिझेल इंजिनास मात्र विजेच्या जोडीला दाबाच्या हवेच्या टाक्या होत्या. खुद्द डिझेलची जुनी युक्ती तेथे कामास आली.

कालांतराने माळ गेली. पेन्सिलीच्या आकाराचे, धातूच्या आवरणातील प्लग आले; त्यांना बॅटरीचा पूर्ण दाब सोसतो, म्हणून ते स्वतंत्रपणे समांतर जोडता आले. त्यात एक गेला तर एकच सिलिंडर रुसतो. तार सोडवून विरोध मोजला की मृत प्लग तत्काळ कळतो, कारण जिवंताचा विरोध एखाद्या ओहमाच्या आसपास व मृताचा अनंत. १९६४ साली डाइमलर-बेन्झनेच आपल्या मालमोटारींत थेट फवाऱ्याचे इंजिन आणले, आणि आमच्या रस्त्यांवरही पुढे त्याच जातीची इंजिने रूढ होऊन उष्ण प्रदेशात हीटर प्लगाची गरजच उरली नाही. जेथे तो उरला, तेथे काही सेकंदांत तापू लागला.

जुन्या प्लगास जवळजवळ मिनिटभर लागे. चावी फिरवून हात बांधून बसण्याच्या त्या मिनिटाला जर्मन चालक थट्टेने ‘रुडॉल्फ डिझेलचे स्मरण-मिनिट’ म्हणत. आम्हांस ती थट्टा मोठी अर्थपूर्ण वाटते. आण्णांची बाग आज त्यांचे चिरंजीव पाहतात. ती जुनी गाडी केव्हाच मोडीत निघाली. तो क्लीनर पोरगा पुढे स्वतःच मिस्त्री झाला असे आम्ही ऐकले. त्याच्या दुकानात गाडी आली की तोही म्हणे प्रथम धुराबद्दलच विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत कोणावरही रागावत नाही.